शांत आवाजाची किंमत

1915 साली आलेल्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या मूकपटात विधिमंडळाचा एक प्रसंग आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय, गुलामगिरी कायद्यानं गेली आहे आणि साउथ कॅरोलायनाच्या सभागृहात कृष्णवर्णीय आमदार बसलेत. एक जण बूट काढून पाय टेबलावर टाकतो. दुसरा लपूनछपून बाटली तोंडाला लावतो. तिसरा कोंबडीवर ताव मारतोय. बघणाऱ्यानं आधी हसावं आणि मग घाबरावं, अशी ही मांडणी. सिनेमाचा खलनायकही राजकारणीच आहे: सायलस लिंच नावाचा, गोऱ्या-काळ्या मिश्र रक्ताचा माणूस. हा सिनेमा व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. देशभर त्यानं गर्दी खेचली. त्याच वर्षी 'कू क्लक्स क्लॅन' नव्यानं उभी राहिली.

त्याच्या दोनच वर्षं आधी, 1913 मध्ये, न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकानं एक पुस्तक काढलं होतं. नाव अगदी कोरडं: 'द फॅक्ट्स ऑफ रिकन्स्ट्रक्शन', म्हणजे 'पुनर्रचनेची वस्तुस्थिती'. लेखक शिकागोत राहणारा, पासष्टी गाठलेला, सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याचंही आडनाव लिंच. जॉन रॉय लिंच. सिनेमात दाखवलेल्या काळात तो खरोखरच अशा एका सभागृहात बसला होता. वयाच्या 24व्या वर्षी तो मिसिसिपी राज्याच्या प्रतिनिधिगृहाचा स्पीकर झाला होता.

सिनेमा सगळ्यांनी पाहिला. पुस्तक फार थोड्यांनी वाचलं. मला त्या पुस्तकाबद्दल बोलायचंय, आणि खास करून त्याच्या आवाजाबद्दल. कारण ज्याच्यावर इतकी चिखलफेक झाली त्या माणसाचं हे पुस्तक कमालीचं शांत आहे. पहिल्यांदा वाचताना या शांतपणाचा मला कंटाळा आला. दुसऱ्यांदा वाचताना त्याची भीती वाटली.

फोटो स्टुडिओतून सभागृहात

लिंचचा जन्म 1847 सालचा, लुइझियानातल्या एका मळ्यावरचा. आई कॅथरीन व्हाइट गुलाम. वडील पॅट्रिक लिंच आयर्लंडहून आलेले, मळ्यावर देखरेख करणारे. म्हणजे हे आडनाव आयरिश. झुंडबळीसाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्याशी या घराण्याचा काही संबंध नाही. कायदा असा की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम, म्हणून पोरगाही गुलाम. वडिलांच्या मनात बायकोमुलांना विकत घेऊन मोकळं करायचं होतं. ते जमायच्या आत 1849 मध्ये ते वारले. मरताना ज्या मित्रावर त्यांनी जबाबदारी टाकली, त्यानं शब्द पाळला नाही. मायलेकरं विकली गेली आणि नदीपलीकडे मिसिसिपीतल्या नॅचेझ गावी आली.

1863 मध्ये उत्तरेचं सैन्य नॅचेझला पोचलं आणि पंधरा-सोळा वर्षांचा जॉन मोकळा झाला. छावणीत स्वयंपाक, जहाजावर वाढप्याचं काम असं करत तो एका फोटो स्टुडिओत निरोप्या म्हणून लागला आणि पुढे तोच स्टुडिओ चालवू लागला. शाळा म्हणाल तर उत्तरेतून आलेल्या शिक्षकांची रात्रशाळा, तीही चारेक महिने. ती बंद पडल्यावर त्यानं दुसरी वाट काढली. स्टुडिओच्या मागच्या बोळापलीकडे गोऱ्या मुलांची शाळा होती. काम नसलं की तो मागच्या खोलीत बसून तिथले धडे ऐकायचा.

1869 मध्ये लष्करी गव्हर्नर अ‍ॅडेलबर्ट एम्सनं त्याला न्यायदानाचं छोटं पद दिलं. त्याच वर्षी तो राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आला. 1872 मध्ये स्पीकर झाला. 1873 मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये गेला, तेव्हा तो तिथला सर्वांत तरुण सदस्य होता.

युद्धाआधी, 1860 मध्ये, या एकट्या राज्यात 4 लाख 36 हजार माणसं गुलाम होती. लोकसंख्येच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे लिंच स्पीकरच्या खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या बहुतेक मतदारांनी दहा वर्षांपूर्वी स्वतःची विक्री होताना पाहिली असेल, किंवा शेजारच्याची.

ताळेबंद मांडणारा माणूस

आता एवढं आयुष्य हाताशी असताना कुणीही आत्मचरित्र लिहिलं असतं. 'फॅक्ट्स'मध्ये यातलं बालपण जवळपास नाहीच. पुस्तक सुरू होतं ते थेट पुनर्रचनेच्या राजकारणापासून. प्रस्तावनेत लिंच म्हणतो की या काळाबद्दल जे लिहिलं गेलंय ते बहुतेक वरवरचं आहे, भरवशाचं नाही, लोकमताला रुचेल अशा बेतानं लिहिलेलं आहे. आणि मग तो बाह्या सरसावून भांडेल असं वाटतं, तर तो ताळेबंद उघडून बसतो.

त्या वेळी विद्यापीठांत आणि बाजारात एकच कथा चालत होती. कोलंबिया विद्यापीठातला विल्यम डनिंग, त्याचे विद्यार्थी आणि ओहायोचा उद्योगपती-इतिहासकार जेम्स फोर्ड ऱ्होड्स यांनी ती पक्की केली होती. कथा अशी: युद्धानंतर दक्षिणेवर अडाणी काळ्यांचं राज्य लादलं गेलं, त्यांनी तिजोरी लुटली, शेवटी गोऱ्यांनी राज्य 'सोडवलं'.

लिंचचं उत्तर मुद्देसूद आहे. काळ्यांचं राज्य? मिसिसिपीच्या विधिमंडळात कृष्णवर्णीय सदस्यांचं बहुमत कधीच नव्हतं. त्याला स्वतःला स्पीकर व्हायलाही गोऱ्या सदस्यांची मतं लागली. राज्याच्या सगळ्यात वरच्या निवडून येणाऱ्या पदांपैकी 1873च्या निवडणुकीत तीन कृष्णवर्णीयांकडे गेली आणि तीच कमाल. गव्हर्नर प्रत्येक वेळी गोराच. कर वाढले? वाढले. कारण राज्यभरातल्या सरकारी शाळा पहिल्यांदाच सुरू होत होत्या आणि पूर्वी ज्यांना कायदा 'माल' समजत होता त्यांच्यासाठीही आता कोर्टं, शाळा, दवाखाने लागत होते. तिजोरी लुटली? लिंच कर्जाचे आकडे मांडतो, आणि मग विरोधकांच्याच ताटातला एक खडा उचलून दाखवतो: सत्ता 'सोडवून' घेतल्यानंतर डेमोक्रॅट खजिनदार हेमिंग्वे याच्या हिशेबात 3 लाखांहून जास्त डॉलरची तूट निघाली होती.

हे वाचताना सोशल मीडियावरचे वाद आठवल्याशिवाय राहत नाहीत. आरोप एका ओळीत होतो, उत्तराला पंचवीस पानं लागतात. आरोप करणाऱ्याला कुणी 'पुरावा काय' विचारत नाही. ज्याच्यावर आरोप झाला त्यानं पावत्या गोळा करत बसायचं. लिंच तेच करतो. एकही पावती फाटू न देता.

दोन प्रसंग

पण हे पुस्तक नुसतं आकड्यांचं असतं तर त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं नसतं. आकड्यांच्या मधे लिंच काही माणसं बोलती करतो, आणि तिथे तो भल्याभल्या इतिहासकारांच्या पुढे जातो.

पहिला प्रसंग कर्नल लस्कचा. हा दक्षिणेतला वजनदार गोरा माणूस युद्धानंतर रिपब्लिकन पक्षात, म्हणजे काळ्यांच्या मतांवर उभ्या असलेल्या पक्षात आलेला. 1874 मध्ये देशभर वारं फिरलं आणि लस्कनं पक्ष सोडायचं ठरवलं. हेन्री नावाचा कृष्णवर्णीय कार्यकर्ता त्याला समजवायला जातो. तुम्हीच गेलात तर आमच्याजवळ राहतो कोण, असा त्याचा सूर. लस्क खोटं बोलत नाही. तो सांगतो की माझी मतं बदललेली नाहीत. पण मला मुलगे आहेत, मुली आहेत. इथून पुढे जो गोरा डेमोक्रॅट नसेल त्याच्याशी समाज संबंध ठेवणार नाही, आणि त्याची शिक्षा माझ्या पोरांना भोगावी लागेल.

लिंच या माणसाला शिव्या घालत नाही. त्याची घालमेल तो पुरती कळू देतो. आणि म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. बहिष्कार कसा चालतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याला बंदूक लागत नाही, मुलीच्या लग्नाची काळजी पुरते.

दुसरा प्रसंग राष्ट्राध्यक्ष ग्रँटचा. 1875 मध्ये मिसिसिपीतल्या डेमोक्रॅटांनी बंदुकीच्या धाकावर निवडणूक जिंकली. याझू परगण्यात रिपब्लिकनांना अवघी 7 मतं पडली. गव्हर्नर एम्सनं केंद्राकडे सैन्य मागितलं होतं. ते आलं नाही. लिंच कसाबसा स्वतःची जागा राखून वॉशिंग्टनला परतला आणि ग्रँटला भेटला. का नाही पाठवलंत सैन्य? ग्रँटचं उत्तर लिंच नोंदवतो. ओहायोचे रिपब्लिकन पुढारी येऊन सांगून गेले होते की मिसिसिपीत सैन्य पाठवाल तर ओहायोची निवडणूक आपण हरू. मिसिसिपी तशीही हातची गेलेली आहे. ग्रँटनं त्यांचं ऐकलं. ही आपली चूक झाली, कर्तव्यापुढे सोय पाहिली, असं तो लिंचला म्हणाला.

एका राज्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचं मत दुसऱ्या राज्यातल्या एका निवडणुकीच्या बदल्यात दिलं गेलं. समोर तो सौदा करणारा माणूस बसलेला, आणि ज्याच्या लोकांचा सौदा झाला तो त्याचं म्हणणं वहीत उतरवून घेतोय. लिंच इथेही आवाज चढवत नाही. ग्रँटबद्दलचा त्याचा आदर कमी झाल्याचंही दिसत नाही. मला पहिल्यांदा कंटाळा आला होता तो याच संयमाचा, आणि दुसऱ्यांदा भीती वाटली तीही त्याचीच. असं काही ऐकून घेतल्यावर माणसाला शांत राहता येतं, ते कशाच्या जोरावर?

जे त्यानं लिहिलं नाही

उत्तर त्या काळातच आहे. काळा माणूस रागावला की तो 'सायलस लिंच' ठरायचा. राग दाखवणं म्हणजे आरोप मान्य करणं. म्हणून हा जॉन लिंच पानोपानी सिद्ध करत राहतो की मी समतोल आहे, मी विरोधकांनाही श्रेय देतो. स्पीकर म्हणून मी इतका निःपक्षपाती होतो की सभागृहानं मला सोन्याचं घड्याळ भेट दिलं, हेही तो आवर्जून सांगतो. ते घड्याळ त्याला महत्त्वाचं वाटावं याचं मला वाईट वाटलं.

या संयमाची किंमत पुस्तकाला मोजावी लागली आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिली गोष्ट म्हणजे यात सामान्य माणूस फार दिसत नाही. कापसाच्या रानात राबणारे, मतदानाला जाताना वाटेत अडवले गेलेले, गाव सोडून पळालेले लोक येतात ते आकडा म्हणून. बायका तर जवळपास नाहीतच. दुसरी गोष्ट जमिनीची. मोकळं झालेल्या माणसाला जमीन मिळाली नाही, हे पुनर्रचनेचं सगळ्यात मोठं अपयश. त्यावर लिंच फारसं बोलत नाही. तो स्वतः पुढे नॅचेझच्या आसपास मळे विकत घेणारा माणूस. मालमत्ता आणि मताचा हक्क मिळाला की बाकी मार्गी लागेल, यावर त्याचा विश्वास होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. स्पीकर असताना काँग्रेसचे सहा मतदारसंघ आखायचं काम त्याच्याकडे आलं. पाच रिपब्लिकनांना आणि एक डेमोक्रॅटांना जाईल अशी आखणी आपण केली, हे तो बिनदिक्कत सांगतो. 'वस्तुस्थिती' सांगणारा हा माणूस पक्का पक्षाचा माणूसही होता. पुढे डेमोक्रॅटांनी तीच पट्टी उलटी फिरवली. नदीकाठच्या काळ्या वस्त्या एकाच लांबट पट्ट्यात कोंबल्या. त्या मतदारसंघाला लोक 'बुटाची नाडी' म्हणू लागले. 1876 मध्ये लिंच तिथूनच हरला. 1880 मध्ये पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याची हजारो मतं बाद ठरवली गेली. वॉरन परगण्यात कारण दिलं गेलं की मतपत्रिकांवर छपाईच्या बारीक रेघा आहेत, म्हणजे ही खुणेची मतं. लिंच काँग्रेसपुढे भांडला आणि एप्रिल 1882 मध्ये त्याला जागा मिळाली. तोवर निम्म्याहून जास्त मुदत संपली होती.

दोन्ही आखण्या सारख्याच का? नाहीत. एकीमागे मतं होती, दुसरीमागे बंदुका. पण लिंचनं हा फरक स्वतः उलगडून दाखवायला हवा होता. तो तसं करत नाही, आणि वाचणाऱ्याला तिथे थोडं अडखळल्यासारखं होतं.

पक्षपाती कोण?

लिंचवर याहून मोठा अन्याय मात्र पुस्तक आल्यानंतर झाला. क्लीव्हलंडमध्ये जॉर्ज मायर्स नावाचा कृष्णवर्णीय न्हावी होता. त्याची आणि इतिहासकार ऱ्होड्सची चांगली ओळख, पत्रव्यवहार चालायचा. मायर्सनं ऱ्होड्सला सुचवलं की लिंचचं म्हणणं ऐका, त्याला भेटा. ऱ्होड्सचं उत्तर थोडक्यात असं: लिंच हा त्या लढ्यातला कट्टर पक्षपाती माणूस, त्याला माझं लिखाण चुकीचं वाटणारच, मी मात्र सत्य शोधतोय, दोन्ही बाजू ऐकू पाहतोय. लिंचला चुका दिसत असतील तर त्यानं लेख लिहून दाखवाव्यात.

म्हणजे जो सभागृहात हजर होता तो पक्षपाती, आणि जो तिथे कधीच नव्हता तो निःपक्ष. लिंचनं 1917 मध्ये 'जर्नल ऑफ नीग्रो हिस्टरी'त खरंच लेख लिहिला, ऱ्होड्सच्या चुका एकेक करून दाखवल्या, पुढच्या वर्षी आणखी दाखवल्या. ऱ्होड्सला 1918 मध्ये त्याच्या यादवी युद्धाच्या इतिहासासाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला.

इथे एक धागा आपल्याकडे येतो. जोतिराव फुल्यांचं 'गुलामगिरी' 1873 मध्ये आलं; लिंच काँग्रेसमध्ये गेला ते हेच साल. फुल्यांनी ते पुस्तक गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा या आशेनं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी मतांच्या वादातून कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती. पुण्यातून दिसणारी अमेरिका आणि लिंचच्या पायाखालची अमेरिका, दोन्ही खऱ्याच होत्या. पण दोघांच्या आवाजातला फरक बघा. फुले संवाद लिहितात, टिंगल करतात, शिव्याही हासडतात. समोरच्याचं प्रमाणपत्र त्यांना नको आहे. लिंच ते प्रमाणपत्र मागत राहतो. माझा ओढा फुल्यांकडे आहे, हे लपवत नाही. पण लिंच वाचल्यावर एवढं कळलं की चिडायची मुभाही सगळ्यांना सारखी वाटलेली नसते.

लिंचनं म्हातारपणी शेवटी ते आत्मचरित्र लिहिलंच, 'रेमिनिसन्सेस ऑफ अ‍ॅन अ‍ॅक्टिव्ह लाइफ'. मळा, आई, शब्द न पाळणारा मित्र, बोळापलीकडची शाळा, सगळं त्यात आहे. ते छापलं गेलं थेट 1970 मध्ये, इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन यांच्या संपादनाखाली. लिंच तेव्हा जाऊन एकतीस वर्षं झाली होती. मधल्या काळात 1935 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' लिहून जुन्या कथेला सुरुंग लावला होता, आणि पुढच्या पिढ्यांच्या इतिहासकारांनी लिंचच्या बाजूनं कौल दिला. पावत्या कामाला आल्या, फक्त त्या तपासणारे फार उशिरा आले.

लिंच 2 नोव्हेंबर 1939 रोजी शिकागोत वारला. वय 92. लष्करी इतमामानं त्याला आर्लिंग्टनच्या दफनभूमीत पुरलं. सहा आठवड्यांनी अटलांटात 'गॉन विथ द विंड'चा पहिला खेळ झाला आणि तीच जुनी कथा, आता रंगीत होऊन, जगभर गेली. मिसिसिपीतून पुढचा कृष्णवर्णीय माणूस काँग्रेसवर निवडून यायला 1986 साल उजाडलं.

'फॅक्ट्स' आज इंटरनेटवर फुकट मिळतं, मोबाइलवर वाचता येतं. भाषा जुनी आहे, मधली काही प्रकरणं पक्षाच्या अधिवेशनांच्या तपशिलांत रुतून बसतात; ती खुशाल ओलांडा. लस्क आणि ग्रँटची पानं मात्र सोडू नका. आणि वाचताना तो कुठेकुठे गप्प राहिलाय, तेही बघत चला.